तापातून उठलेला हात

उन्हाळा सरत आला की आमच्या गावात कोणाच्या ना कोणाच्या घरी मोतीझरा निघायचा. डॉक्टर ज्याला टायफॉईड म्हणतात तोच हा. तीन एकर कोरडवाहू, मातीच्या दोन खोल्या, दोन म्हशी आणि चार माणसं एवढा आमचा पसारा. त्यातलं एक माणूस बाजेवर पडलं की उरलेल्या तिघांचं सगळं विस्कटून जायचं. ताप आलेल्या घरात फोडणी बंद, मिरचीचा ठसका बंद. दाराला कडुनिंबाचा डहाळा, आजाऱ्याच्या गळ्यात बारीक पांढऱ्या मण्यांची माळ. हा ताप तीन-तीन आठवडे हटायचा नाही. बाबा वावरातून आले की चप्पल बाहेर काढून आधी बाजेकडं बघायचे, मग मायकडं. माय नुसती मान हलवायची. त्या मान हलवण्यावरून आम्हाला कळायचं की आज भाकरीबरोबर पुन्हा नुसतं मीठ आणि कांदा. आज पन्नाशी ओलांडल्यावरही कुठं कडुनिंबाचा ओला पाला चुरगळल्याचा वास आला की मी आधी घरात कोण आजारी आहे ते बघते.

माझ्या मायचं नाव पंचफुला. लग्न होऊन ती या गावात आली त्याच साली तिला मोतीझरा निघाला होता. डोक्यावरचे केस गेले, अंगाची काडी झाली, घरच्यांनी आशा सोडली आणि एक दिवस ती उठून बसली आणि म्हणाली, भूक लागली. तेव्हापासून गावात असं मानत की हिचा हात तापातून उठलेला आहे. ज्या घरी मोतीझरा निघेल त्या घरचं माणूस आमच्या दारी यायचं. माय हातपाय धुऊन, पदर खोचून जायची. आजाऱ्याचं अंग पुसायची, आणि ताप उतरला की पहिला घास तिच्याच हातचा. तो घास ताकातल्या कण्यांचा. ज्वारीच्या कण्या शिजवून, निववून, वरून आमच्या घरचं ताक घालून ती हातानं कालवायची आणि चार बोटांनी भरवायची. भरवून झालं की घरातल्या बाकीच्या लेकरांनाही एकेक घास द्यायची, म्हणजे ताप त्यांच्याकडं फिरकणार नाही. याचे ती कोणाकडून काही घेत नसे. बाबा कधी चिडवायचे, "डाक्टरीन निघाली!" तर माय म्हणायची, "तुमच्यापरीस जास्त लोकं वळखतात मले."

दुसरी तिची ख्याती ताकाची. दूध डेअरीच्या कॅनमध्ये जायचं, पण रोज एक डेरा दही लागायचंच. पहाटे रवीची दोरी ओढली जायची, घर्र-घर्र, घर्र-घर्र, आणि तो आवाज ऐकून आळीतल्या बाया लोट्या घेऊन निघायच्या. आमच्याकडं ताक विकणं म्हणजे पाप. लोटी घेऊन आलेल्याला भरून द्यायचं. लोणी वर आलं की माय कोपरापर्यंत हात डेऱ्यात घालून गोळा फिरवून काढायची, बोटं ताकातच निपटायची आणि मग माठातलं पाणी ओतून ताक वाढवायची. आमची शेजारीण रुक्मामाय दाराशी बसून रोज तेच बोलायची, "पंचफुले, तुह्या हातात काय हाय वं? माह्या घरी त्याच दुधाचं ताक असं होत नाही." माय हसायची. तिला हसताना मी फार कमी वेळा पाहिलं, त्यातलं बरंचसं त्या दाराशी.

माझी धाकटी बहीण कला नऊ वर्षांची असताना मोतीझऱ्यानं गेली. मायनं तिचं अंग पुसलं, मायनंच कण्या कालवल्या. ताप उतरला होता, कलीनं दोन घास खाल्ले, "अजून दे" म्हणाली. दोन दिवसांनी ताप पुन्हा चढला आणि पोट फुगलं. बैलगाडी किन्हीराजाच्या सडकेला लागायच्या आत ती गेली. मी गाडीत तिच्या पायाशी बसले होते. त्यानंतर माय गावातल्या तापाच्या घरी जास्तच ओढीनं जायची. आपल्या हातून आपली पोर राहिली नाही, म्हणून दुसऱ्याची तरी राहावी, असं काहीतरी तिच्या मनात असावं.

मी बारावी झाले तेव्हा गावात बारावी झालेली मी तिसरी आणि मुलींतली पहिली. वाशिमच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. घरून सकाळची एसटी, तालुक्याच्या मालेगावला उतरून दुसरी, डब्यात भाकरी आणि ताकाची छोटी बाटली. विषय निवडायच्या रांगेत माझ्या पुढच्या पोरीनं सूक्ष्मजीवशास्त्र लिहिलं म्हणून मीही लिहिलं. नावाचा अर्थ मला ठाऊक नव्हता. हे मी लपवत नाही, कारण पुढं त्या पोरीपेक्षा मला जास्त मार्क पडले.

शिकवायला राऊत मॅडम होत्या. ठेंगण्या, करड्या आवाजाच्या, वर्गात पंखा लावू न देणाऱ्या, कारण वाऱ्यानं काचेच्या बशीत नको ते येऊन पडतं. त्यांनी पहिल्याच प्रात्यक्षिकाला माझ्या डब्यातल्या ताकाचा थेंब मागितला. काचपट्टीवर पसरून, वाळवून, निळा रंग देऊन मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. बारीक निळे दांडे आणि मण्यांच्या माळा! हलत नव्हते, रंगवताना मेले होते, पण होते. मॅडम म्हणाल्या, "हे जिवाणू. एक पेशी, एवढाच यांचा संसार. पण संसार पूर्ण आहे. स्वतःची भिंत आहे, स्वतःची चूल आहे. खातात, वाढतात, एकाचे दोन होतात. अर्ध्या तासात दोनाचे चार." आणि विषाणू, मी विचारलं? "त्याला चूल नाही. तो म्हणजे कागदावर लिहिलेली पाककृती, वर एक वेष्टण. दुसऱ्याच्या घरात शिरतो, त्याच्याच चुलीवर, त्याच्याच पिठातून स्वतःच्या हजार नकला करून घेतो आणि घर मोडून निघतो. बाहेर असताना तो जिवंत आहे की नाही यावर शहाणी माणसं अजून भांडतात."

संध्याकाळी मी हे मायला सांगितलं. ती गोवऱ्या रचत होती. डेऱ्यात कोट्यवधी जीव आहेत आणि त्यांच्यामुळंच दूध विरजतं, हे ऐकून ती हातातली गोवरी घेऊन तशीच उभी राहिली.

"म्हंजे मी मडक्यात जितराबं पाळून राह्यली?"

"होय. दुधाची साखर खातात आणि आंबट करतात."

"पाह्य बाप्पा! गोठ्यातले दोन सांभाळताना कंबर मोडून राह्यली, अन् हे इतके घरात." मग विषाणूचं सांगितलं, तर तिनं लगेच ठरवून टाकलं, "थो रिकामा पाहुना. घरात घुसते, आपलंच खाते, आपल्यालेच लोळवते. सर्दी होय ना थे?" होय, सर्दी, गोवर, कांजण्या. मी म्हटलं, म्हणून तू मिठाच्या डब्यात ठेवतेस त्या लाल-काळ्या गोळ्या सर्दीला चालत नाहीत. त्या गोळ्या जिवाणूची भिंत नाहीतर चूल बिघडवतात. ज्याला चूलच नाही त्याचं काय बिघडवणार? माय कोणाच्याही औषधातल्या उरलेल्या गोळ्या त्या डब्यात जमा करायची आणि आळीत कोणालाही, कशावरही, एकेक वाटायची. ताप उतरला की गोळी बंद, उरलेली डब्यात, हा आमच्याकडचा कायदाच. करोनाच्या काळात मला गावाहून फोन यायचे, "बाई, मागच्या वर्षीच्या तापाच्या चार गोळ्या उरल्या हायेत, चालतीन का?" तेव्हा मला तो मिठाचा डबा आठवायचा.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी राऊत मॅडमनी टायफॉईड शिकवला. त्या खडूनं फळ्यावर आतडं काढत होत्या. "काही माणसं बरी होतात, पण जिवाणू त्यांच्या पित्ताच्या पिशवीत घर करून राहतात. विशेषतः पिशवीत खडे असतील तर. माणूस ठणठणीत असतो. ताप नाही, काही नाही. वर्षानुवर्षं जिवाणू विष्ठेतून बाहेर पडतात, हातावर येतात, हातातून अन्नात. असा वाहक जर स्वयंपाक करणारा असला..." पुढचं मला ऐकू आलं नाही. तुपात बुडवलेल्या रोडग्यांचं जेवण झालं की माय उजव्या बरगडीखाली मूठ दाबून बसायची आणि "ग्यास झाला" म्हणायची. मला एकदम ती मूठच दिसली.

एसटीत खिडकीशी बसून मी वहीच्या मागच्या पानावर घरं लिहिली. कोणाकडं ताप निघाला, कोणाकडं ताक जातं, माय कोणाकडं कण्या भरवून आली आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी त्याच घरात दुसरं कोण पडलं. गावात समजूत होती की मोतीझरा एका घरात दोघांना धरल्याशिवाय जात नाही. आणखी एक लिहिलं, सगळ्यात शेवटी. ओढ्यापलीकडच्या वस्तीला आमच्या दारातून ताक जात नसे. का जात नसे हे सांगायची आज मला लाज वाटते, आणि ज्याला वऱ्हाडातलं खेडं माहीत आहे त्याला सांगायची गरज नाही. त्या वस्तीत मोतीझरा जवळजवळ नव्हताच.

वही मी मॅडमना दाखवली. त्यांनी एकेका घरावर बोट ठेवत सगळं वाचलं. मग म्हणाल्या, "वहीवरून माणसाला दोषी धरायचं नाही. विहीरही असू शकते. ताकाच्या आंबटपणात यातले बरेच मरतात. नमुना आण. एकदा नाही, तीनदा. हे रोज बाहेर पडत नाहीत."

मायला मी म्हटलं, जंत तपासायचे आहेत, कॉलेजात प्रत्येकीनं घरचा नमुना आणायचाय. तिनं तोंडाला पदर लावला. "आता हे बी शिकवून राह्यले का? यासाठी रोज एवढ्या दूर जातं तू, शोभे?" पण दिला. मॅडमनी दिलेली झाकणाची बाटली प्लास्टिकात, ती डब्यात, डबा पिशवीत, पिशवी मांडीवर. मालेगावच्या गाडीत शेजारची बाई डब्याकडं बघत म्हणाली, "लोनचं हाय का वं? आंब्याचं?" मी म्हटलं, "नाही, मावशी." "मंग एवढी धरून काहून बसली?" मी वाशिम येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

पहिल्या नमुन्यात काही नाही. दुसऱ्यात काही नाही. मी देवाला नमस्कार करणारी नाही, पण त्या आठवड्यात केला. तिसऱ्या वेळी मॅडमनी मला सकाळी प्रयोगशाळेत बोलावलं आणि काचेची बशी पुढं केली. जिवाणूंना घातलेल्या हिरवट खाद्यावर काळे ठिपके उगवले होते, कडेनं नव्या पत्र्यासारखी चमक. इतके सुबक ठिपके मी त्याआधी पाहिले नव्हते. मॅडम म्हणाल्या, "टायफॉईडचेच दिसतात. पक्कं करायला सरकारी प्रयोगशाळेत पाठवते." तिथूनही तेच आलं. मी हात धुतले. पुन्हा धुतले. मग बाकावर बसून रडले, आणि मॅडमनी मला रडू दिलं.

घरी सांगायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी बाया ताक घेऊन गेल्यावर माय डेरा विसळत होती, बाबा दाराशी पायताणाला खिळा ठोकत होते. मी जंतांचं खोटं होतं इथपासून सुरू केलं आणि सगळं सांगितलं. बाबांचा हातोडा थांबला.

"हे शिकाले पाठवलं तुले? मायच्या हातात जहर हाय म्हनून राह्यली? अख्खं गाव पाया पडते तिच्या!"

"जहर नाही म्हणत, बाबा. तिला ठाऊकच नव्हतं. तिचा काय दोष?"

"मंग गप राह्य. कोनाले कायी सांगू नको."

मायनं डेरा विसळून संपवला. डेऱ्यातलं पाणी ओतलं, डेरा पालथा घातला, पदराला हात पुसले आणि ते हात समोर धरून बघत बसली. पालथे, उताणे. घासून-घासून सालं गेलेली, नखात शेणाची काळी रेघ असलेली बोटं. आम्ही मातीनं हात धुणारी माणसं. साबण आंघोळीपुरता, तोही सणावाराला. मग तिनं विचारलं, अगदी हळू, "मंग कलीले...?"

हा प्रश्न येणार हे मला चार दिवसांपासून माहीत होतं. उत्तर मात्र माझ्याजवळ नव्हतं. कोणाजवळच नाही, आजही नाही. मी म्हणाले, "नाही, माय. कलीला ओढ्याच्या पाण्यानं झाला." सगळं आयुष्य मी प्रयोगशाळेत काढलं. पुराव्याशिवाय बोललेलं ते माझं एकच वाक्य, आणि मायला ते पटलं नाही हे मी तिच्या तोंडावर वाचलं. ती उठून म्हशींच्या पाण्याला गेली.

दुसऱ्या दिवशी रवी वाजली नाही. बाया लोट्या घेऊन आल्याच. माय दारात उभी राहून म्हणाली, "ताक नाही. म्हैस आटली." रुक्मामायनं गोठ्याकडं मान केली. "दोन्हीच्या दोन्ही एकाच दिवशी? तंटा झाला का वं नवऱ्याशी?" बाया हसल्या. माय आत आली. असं आठ-दहा दिवस चाललं. दुधाचा सगळा कॅन डेअरीला जायचा, माय माझ्याशी कामापुरतं बोलायची. मला वाटायचं, हिनं मला टाकलं. मी एसटीत बसून विचार करायची की ती बशी मी बघितलीच नसती तर काय बिघडलं असतं. मग वहीतली घरं आठवायची.

आणि मग रुक्मामाय भर दुपारी धावत आली. तिच्या नातीला, सहा वर्षांच्या पोरीला, आठ दिवस ताप होता. "चाल पंचफुले, आज उतरल्यावानी वाटून राह्यला. कण्या घेऊन चाल. तुह्या हाताबिगर नाही उठत थे पोट्टी." बाबा ओसरीवर होते. त्यांनी मायकडं डोळे मोठे केले. म्हणजे जाऊ नको, पण बोलूही नको. काहीतरी निमित्त सांग. माय चुलीपाशी बसली होती. ती तिथूनच बोलली.

"रुक्माबाई, माह्या हातातच ताप हाय."

"काय बोलून राह्यली?"

"माह्या पोटात जिवानू हायेत मोतीझऱ्याचे. मी मेली नाही, पन थे बी मेले नाहीत. माह्या ताकातून गावाले गेले. शोभीनं तपासलं. पोरीले गाडीत घाल अन् मालेगावच्या दवाखान्यात ने. आत्ताच्या आत्ता ने. गोळ्या देतीन थ्या सगळ्या खाऊ घालजो, एक बी ठेवजो नको. कलीचा ताप बी असाच उतरला होता."

रुक्मामाय तिथंच खाली बसली. मग उठून निघून गेली. पोरीला मालेगावला नेलं, ती वाचली. आज ती किन्हीराजाला अंगणवाडीत शिकवते.

पण गाव गाव असतं. चार दिवसांत सगळ्यांना कळलं. विहिरीवर माय गेली की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. एक जण ऐकू जाईल असं म्हणाली, "वाटत फिरली ताप, अन् आमी पाया पडलो." दुसरीचा मुलगा मोतीझऱ्यानं गेलेला; ती आमच्या अंगणात येऊन नुसती उभी राहिली, आणि माय तिच्यासमोर मान खाली घालून तितकाच वेळ उभी राहिली. बाबा पंधरा दिवस पारावर गेले नाहीत. मी ज्या पुस्तकातून हे शिकले त्यात याबद्दल एक ओळही नव्हती.

त्याच आठवड्यात मायनं एकदा मला जवळ बोलावलं. "हे जे माह्यात हाय, थे जितराब का रिकामा पाहुना?" मी म्हटलं, "जितराब, माय. चूल असलेलं. म्हणून तर औषध आहे." ती म्हणाली, "मंग विझव त्याची चूल."

डॉक्टरांनी महिनाभराच्या गोळ्या दिल्या. माय रोज गोळी गिळून भिंतीवर चुन्याची एक रेघ ओढायची. मिठाचा डबा तिनं स्वतः रिकामा केला, सगळ्या जुन्या गोळ्या मातीत पुरल्या. तसं पुरलं की मातीतले जिवाणू त्या औषधाला सरावतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. गोळ्या संपल्यावर तपासलं, तर पुन्हा काळे ठिपके. पित्ताच्या पिशवीत खडे होते, औषध तिथं पोचत नव्हतं. शेवटी अकोल्याला पिशवी काढली. डॉक्टरांनी खडे छोट्या बाटलीत घालून दिले. माय ती बाटली उजेडात धरून म्हणाली, "एवढ्या बारक्याशा जागेत इतकी वर्सं बसले?" आणि मग, बाजूच्या खाटेवरच्या बाईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "कलीच्या बी आधीपासून." मी तिचा हात धरला. या वेळी मी ओढ्याच्या पाण्याचं नाव काढलं नाही.

ऑपरेशननंतर मायचे तीन नमुने तपासले, महिन्याच्या अंतरानं. ते मीच बशीवर पसरले, राऊत मॅडम मागं उभ्या होत्या. तिन्ही वेळा बशी कोरी राहिली. त्याच वर्षी मी बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पदवी घेतलेलं मी पहिलं माणूस. गावच्या विहिरीत दर आठवड्याला ब्लीचिंग पावडर पडू लागली आणि आमच्या आळीत पुढच्या उन्हाळ्यात मोतीझरा निघाला नाही. पावसाळा लागला तेव्हा मायनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, आणि वर्षभर पालथा पडलेला डेरा सुलटा केला. लोणी तिनं पळीनं काढलं. रवीचा आवाज ऐकून एकच लोटी आली, ती रुक्मामायची. मायनं ती भरून दिली.